दिवेलागणीचा होकार

आमच्या घरात रोज थोडा वेळ असा येतो की कोणी कोणाला नाही म्हणत नाही. सूर्य गेलेला असतो आणि अंधार अजून पुरता उतरलेला नसतो, तेवढाच तो वेळ. खाली सीपरी बाजारात ऑटो आणि स्कूटर हॉर्नवर हॉर्न देत असतात, घराखालच्या शिलाई मशीनच्या दुकानात दिवे लागतात, आणि वर सासूबाई देवापुढे समई लावतात. समई लागली की पहिली पोळी तव्यावर पडेपर्यंत तोंडातून 'नाही', 'नको', 'संपलं' असलं काही काढायचं नाही. लक्ष्मी दारात असते, तिनं ते ऐकलं तर ती तशीच पुढे जाईल, असं या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. सासूबाईंच्या सासरची माणसं जुन्या काळी पूजाअर्चेसाठी महाराष्ट्रातून इथे आली. बरोबर आणलेलं बरंचसं झाशीच्या उन्हात विरून गेलं, मराठीसुद्धा अर्धी हिंदी झाली, पण ही तिन्हीसांज काही सुटली नाही.

मी नागपूरची. लग्न होऊन आले तेव्हा एका संध्याकाळी सहज विचारलं, "आई, साखर संपली का?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कोणाच्या मरणाची बातमी आणली आहे. "साखर वाढवायची आहे," त्या म्हणाल्या. मला हसू आलं आणि रागही आला. मला राग लवकर येतो. पण त्या वेळच्या उजेडात तो फार टिकत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून तांबूस धूळ आत येते, भांड्यांच्या कडा चमकतात, दूर स्टेशनात शिरणारी गाडी शिट्टी देते आणि माणूस उगीचच कशाची तरी वाट बघत बसतो. छावणीतल्या शाळेत मी चित्रकला शिकवते. तो रंग मला आजवर कागदावर उतरवता आलेला नाही.

हळूहळू कळलं, की घरातले सगळे त्या वेळेवर टपून असतात. नवरा लहानपणी सहलीचे पैसे, पतंग, सिनेमा, सगळं दिवेलागणीलाच मागायचा. माझी लेक त्याच्या पुढची. ती तर समईचा वास आला की पुस्तक मिटून आजीजवळ जाऊन बसायची. शाळेतली नोकरी धरू का, हे मीही तेव्हाच विचारलं होतं. सासूबाई वात पुढे सारत होत्या. "धर," म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे न बघताच, "सकाळी विचारलं असतंस तरी हेच म्हटलं असतं." मी लाजले. पण बरंही वाटलं.

सासूबाई स्वतः जन्मभर नोकरी केलेल्या. छावणीतल्या एका कार्यालयात त्या टंकलेखन करायच्या, सासरे लवकर गेल्यावर त्याच पगारावर त्यांनी घर ओढलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा पेन्शनच्या खात्याबरोबर बँकेनं त्यांना एक क्रेडिट कार्डही दिलं. निळसर रंगाचं, त्यावर त्यांचं नाव उठावदार अक्षरांत. त्या नावावरून त्या बोट फिरवत बसायच्या. दाराच्या पाटीवर आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग मुलाचं आलं. स्वतःचं नाव असं छापलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मग आमच्या शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. आम्ही दोघी खाली उतरायचो, लोकरीच्या दुकानात शिरायचो, आणि सासूबाई एकेका गुंडीला गालाशी लावून बघायच्या. दुकानदार म्हणायचा, "माताजी, कैश या कार्ड?" त्यावर त्या पर्स उघडायला इतका वेळ लावायच्या की मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. "कार्ड, भैया," त्या म्हणायच्या, आणि यंत्रातून चिठ्ठी बाहेर येईपर्यंत डोळे मोठे करून उभ्या राहायच्या. येताना कोपऱ्यावर कॉफी. मला पैसे देऊ द्यायच्या नाहीत. त्या कॉफीत साखर फार असायची, पण तिच्याइतकी चांगली कॉफी मी नंतर प्यायले नाही.

पैसे चुकते करण्याची त्यांची पद्धत सरळ होती. लोकर, कॉफी, लेकीचे मोजे, जे काही घेतलं ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. पेन्शन जमा झाली की तेवढ्याच रकमेचा चेक लिहून त्या बँकेच्या पेटीत टाकून यायच्या. कार्डाचं बिल असतं, ते बघायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण "मी काय घेतलं ते मला ठाऊक, बँकेनं मला कशाला सांगायचं?" असा त्यांचा हिशेब. बिलं ईमेलवर जात होती. तो ईमेल नवऱ्यानं बँकेत उभ्या उभ्या उघडून दिला होता आणि घरी येईपर्यंत त्याचा पासवर्ड विसरला होता. मोबाइलवर संदेश यायचे, पण ते सेल आणि लॉटरीच्या गर्दीत, आणि अक्षरं मुंगीएवढी.

आणि मग ते फोन.

ते नेमके दिवेलागणीला यायचे. दिवसभर कामात असलेली माणसं तेव्हाच हाताशी लागतात, हे त्या कंपन्यांनाही कळत असणार. समई लागलेली, सासूबाई खिडकीशी वेताच्या खुर्चीत, आणि पदराखाली फोन वाजायचा. पलीकडे एखादी मुलगी गोड हिंदीत बोलायची. सासूबाई तिच्याहून गोड. "हाँ बेटा... अच्छा... ठीक है जी, कर दो." मध्येच विचारायच्या, "चाय पी ली? कितने बजे घर जाओगी?" मी पोळ्यांची कणीक काढून ठेवलेली असायची आणि त्या उजेडात अर्धवट पेंगत बसलेली असायचे. मला वाटायचं कानपूरच्या मावससासूबाईंच्या मुलीचा फोन. मुलगी हसायची, सासूबाई हसायच्या, बाहेर आकाश वांग्याच्या रंगाचं व्हायचं. घरात कोणाला काही खटकलं नाही.

थंडी सुरू होताना एका संध्याकाळी नवरा कंपनीच्या बसमधून उतरून वर आला तो बूट न काढताच. तो गावाबाहेरच्या सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत आहे. शांत माणूस, आवाज चढवतो तो फक्त क्रिकेट बघताना. त्याच्या विभागात फोन आला होता. त्याच्या साहेबानं उचलला. पलीकडच्या माणसानं आईचं नाव घेऊन सांगितलं, की बाईंनी कार्डाचे पैसे थकवलेत, मुलाला जरा समजावा. कार्डाच्या अर्जात मुलाच्या कार्यालयाचा नंबर लिहिलेला होता, तो त्यांनी बरोबर शोधून काढला.

"आई, तू पैसे थकवलेस?" तो म्हणाला.

समई लागलेली होती. सासूबाई नाही म्हणू शकत नव्हत्या, आणि हो म्हणावं तर खोटं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो.

लेकीनं त्या ईमेलचं कुलूप एकदाचं उघडलं आणि रविवारी सकाळी आम्ही सगळे जमिनीवर बसलो. पहिलं वर्ष फुकट म्हणून दिलेल्या कार्डाला दुसऱ्या वर्षापासून वार्षिक शुल्क लागत होतं. मग कार्ड हरवलं तर म्हणून एक सुरक्षा योजना. मग आजारपणाचा कसलासा विमा. आणि विमानतळावरच्या खास दालनात बसायचं सभासदत्व! सासूबाई विमानात कधी बसलेल्या नाहीत. बसायचं झालं तर आधी ग्वाल्हेर गाठावं लागेल. एकदा त्यांनी नवरात्रात या कार्डानं मशीनमधून रोख काढली होती. त्यावर काढण्याचा आकार वेगळा आणि व्याज त्याच दिवसापासून. ही सगळी शुल्कं बिलात बसली, सासूबाईंनी मात्र आपल्या लोकरीचे तेवढे पैसे भरले. आणि पूर्ण बिल भरलं नाही की कार्डवाले उरलेल्यावरच व्याज लावून थांबत नाहीत, खरेदी केलेल्या सगळ्यावर लावतात, अगदी नव्या लोकरीवरही पहिल्या दिवसापासून. तोंडी कोणी हे सांगितलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं, खाली, बारीक.

"तू ह्या सगळ्याला हो म्हणालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"तिन्हीसांजेला त्या पोरीला नाही कसं म्हणू?" सासूबाई म्हणाल्या. "लक्ष्मीच्याच गोष्टी करत होती रे ती."

लेक खदखदून हसली. "दादी, ये तो हद है!" आजीलाही हसू फुटलं. मला मात्र त्या गोड आवाजांचा असा संताप आला की मी उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे विनाकारण झटकत बसले.

सोमवारी मी शाळेतून रजा घेतली. बँकेच्या मदत क्रमांकावर आधी गाणं वाजलं, मग एक बटण दाबा, दोन दाबा झालं, मग एक भैया आले. मी बोलायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हात पुढे केला. सकाळची वेळ होती. त्यांचा आवाज वेगळाच लागला. त्या कार्यालयात अशाच बोलत असणार.

"देखिए, हाँ मैंने कहा था, झूठ नहीं बोलूँगी," त्या म्हणाल्या. "लेकिन हर महीने पैसे कटेंगे, ये किसने बताया था? वो रिकॉर्डिंग निकालिए और मुझे सुनवाइए."

मग तक्रार नोंदवून घेतली गेली. लेकीनं तेच सगळं लिहूनही पाठवलं. पुढे दोन-तीनदा पाठपुरावा केल्यावर योजना आणि सभासदत्व बंद झालं, कापलेल्यातले बरेचसे पैसे परत आले. विम्याबद्दल बँकेनं शेवटपर्यंत ताणून धरलं. व्याजाचे गेले ते गेलेच. उरलेलं सगळं सासूबाईंनी पेन्शनमधून एकदाच भरलं आणि पैसा बाकी राहिला नाही हे बँकेकडून लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. म्हणजे, मिटलं.

पण फोन कसे मिटतील? त्याच आठवड्यात समई लागली आणि फोन वाजला. या वेळी नवरा शेजारीच होता. पलीकडचा मुलगा इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हालाही ऐकू येत होतं: माताजींच्या नावावर पर्सनल लोन मंजूर होऊन पडलेलं आहे, द्यायचं काही नाही, घ्यायचंच आहे. सासूबाईंनी समईकडे बघितलं, ओठ हलवले. त्या काय म्हणणार होत्या कोण जाणे. नवऱ्यानं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

मग त्यानं जे केलं ते मी त्याला फार दिवस माफ केलं नाही. तो आईसमोर खाली बसला, लहानपणी पतंगासाठी बसत असेल तसा, आणि हळूच म्हणाला, "आई, ते कार्ड माझ्याकडे दे."

सकाळी मागितलं असतं तर भांडण झालं असतं. त्याला ते पक्कं माहीत होतं. समईची ज्योत वाऱ्यानं कलली आणि पुन्हा सरळ झाली. सासूबाईंनी पर्स उघडली, आज अजिबात वेळ न लावता, आणि कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. "घे," म्हणाल्या.

मी त्या संध्याकाळी एकटीनं भाजी ढवळत होते आणि रडत होते. कांदा चिरलेला नव्हता.

त्यानंतर शनिवार कोरडे गेले. "चला ना आई, लोकर बघू," मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, "डोळे दुखतात गं." अर्धं विणलेलं स्वेटर खुर्चीच्या हातावर लोंबत राहिलं, त्याची एक बाही मांजराच्या शेपटीसारखी. एकदा त्यांना देवळात जायचं होतं, तेव्हा दारात उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "तुझ्याकडे ऑटोपुरते असतील का?" पेन्शन त्यांच्याच खात्यात होती, बँकेतून काढायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण बँकेत जायचा त्यांचा धीरच गेला होता. त्यांना वाटायला लागलं होतं की आपण व्यवहार सांभाळायच्या लायकीच्या उरलो नाही. कोणी तसं म्हटलं नाही, पण कार्ड घेताना ते म्हटल्यासारखंच झालं होतं. मी नवऱ्याला बोलले. तो म्हणाला, "तिच्या भल्यासाठीच." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

सासूबाई मात्र खिडकीत बसून विचार करत होत्या, हे मला उशिरा उमगलं. एका संध्याकाळी फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि अगदी नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, दिया-बत्ती का समय है. तुम सवेरे फोन करना, मैं घर पर ही हूँ."

मी पोळपाटावरून मान वर केली. त्या बाहेरच्या आभाळाकडे बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही.

सकाळी फोन आला. कर्जाचाच होता. सासूबाई चष्मा लावून बसल्या, जणू फोनमधून कागद यायचा होता. प्रोसेसिंगचे किती? त्यावर जीएसटी वेगळा का? विमा घ्यावाच लागतो का, आणि तो कर्जातूनच कापता का? मग हातात किती येणार? मध्येच सगळं फेडायचं म्हटलं तर दंड किती? पलीकडचा मुलगा आधी भराभर बोलत होता, मग अडखळायला लागला. "सब मिलाकर कितना लौटाना है, वो एक काग़ज़ पर लिखकर भेज दो," सासूबाई म्हणाल्या. तो म्हणाला, माताजी, आधी हो म्हणा, मग कागद येईल.

"तो फिर नहीं," सासूबाई म्हणाल्या.

इतका स्वच्छ नकार मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. त्या स्वतःही तो ऐकत राहिल्या. मग फोन खाली ठेवून मला म्हणाल्या, "चहा टाक गं, दोन कप." त्या दिवसापासून संध्याकाळचा फोन सकाळवर जायचा, आणि सकाळी तो निकालात निघायचा. बरेचजण सकाळी फोनच करत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं. लेक म्हणायची, "दादी ने सबको मॉर्निंग शिफ्ट दे दी."

मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो हं म्हणाला. कार्ड त्याच्या पाकिटातच राहिलं.

मग ती संध्याकाळ आली. थंडी चांगलीच पडली होती आणि उजेड लवकर विझत होता. समईची वेळ झाली, तेल घातलेलं, वात तयार, पण सासूबाई लावेनात. खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहिल्या. खाली दिवे लागले, आभाळ तांब्याचं होऊन मग राखेचं व्हायला लागलं. "आई, उशीर होतोय," मी म्हटलं. "होऊ दे थोडा," त्या म्हणाल्या. कोपऱ्यावर कंपनीची बस थांबली. जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली. तो दारात आला, वाकून बूट काढायला लागला, आणि तेव्हा सासूबाईंनी काडी ओढली.

समई लागली. त्यांनी हात जोडले, आम्हीही जोडले. मग त्या वळल्या आणि मुलापुढे तळहात पसरला.

"माझं कार्ड देतोस?"

त्याच्या तोंडात शब्द आलेला मला दिसला. ओठ उघडले होते. पण तो याच घरात वाढलेला. त्यानं समईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते आणि मान वर करणार नव्हते. लेकीनं पुस्तक मिटलं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "ह्याचं आपण सकाळी बोलू."

"ते मी फोनवाल्यांना सांगते," सासूबाई म्हणाल्या. "तू घरातला आहेस."

हात तसाच पुढे होता. त्यानं मागच्या खिशातून पाकीट काढलं.